रात्रीच्या मुक्कामाचा तक्ता

गुरांच्या दवाखान्यात माणूस येतो तो जनावर घेऊन, नाहीतर जनावराचं गाऱ्हाणं घेऊन. मगनसर पहिल्यांदा आले ते दोन्हींतलं काहीच न घेता. खोड्यात म्हैस उभी होती, तिचा गाभ तपासायला माझा हात कोपराच्या वरपर्यंत आत गेलेला, आणि दारात पांढरा सदरा, पांढरी टोपी, खिशात चार खडू असे सत्तरीला टेकलेले एक गृहस्थ शांतपणे उभे होते. मी तिथूनच ओरडले, "जनावर कोठे शे?"

"घर शे. धडधाकट शे," ते म्हणाले. "मले तुमनं रजिस्टर पायजे."

"कसाले?"

"वाचाले."

मला वाटलं, झालं, माहितीचा अर्ज टाकणारं कुणीतरी आलं. माझा स्वभाव मुळात तापट, त्यात म्हैस लाथ मारायच्या बेतात. "रजिस्टर सरकारी शे. आठेच बठीसन वाचा, घर लई जावानं नही," मी ठणकावलं. त्यांना तेच हवं होतं. बाकावर बसले ते दवाखाना बंद होईपर्यंत उठले नाहीत. लाळ-खुरकुताची मागची सगळी पानं त्यांनी वहीत उतरवून घेतली आणि जाताना प्रमाण मराठीत म्हणाले, "डॉक्टर, तुम्ही आजारी पडलेलं प्रत्येक जनावर लिहिलंय. त्याच्या शेजारी कोण बांधलेलं होतं, ते एकदाही लिहिलेलं नाही."

मी डॉक्टर नाही, पशुधन पर्यवेक्षक आहे. म्हणजे डॉक्टरसाहेब तालुक्याला मीटिंगला गेले की दवाखाना ज्याच्या गळ्यात पडतो, तो प्राणी. हे मी त्यांना त्या दिवशी सांगितलं, पुढेही दहा वेळा सांगितलं. ते म्हणायचे, "लाथ कोण खातं? तुम्हीच ना? मग डॉक्टर तुम्हीच." शेवटपर्यंत त्यांनी मला डॉक्टरच म्हटलं आणि मीही नंतर नाद सोडला.

आमचं गाव शहाद्याहून सातपुड्याकडे निघालेल्या रस्त्यावर. सपाटीवर केळी, ऊस, कापूस आणि दुधाची डेअरी. तासभर चढून गेलं की भिल्लांचा पाडा. मगनसर गावातल्या गुजर घराण्यातले. कॉलेजात गणित शिकवून निवृत्त झाले आणि गावी येऊन राहिले. गावाचे ते नाना. घरात त्यांची गुजरी चालायची, गावात अहिराणी, आणि गणिताचं बोलायला लागले की आपोआप प्रमाण मराठी. त्यामुळे ते कुठली भाषा बोलतात यावरून मला कळायचं की आज चहा मिळणार आहे की शिकवणी.

शिकवणी दुसऱ्याच भेटीत झाली, दवाखान्याच्या फरशीवर. उकिडवे बसून त्यांनी खडूने तीन आडव्या आणि तीन उभ्या रांगा आखल्या. आडव्या रांगांवर लिहिलं गाय, म्हैस, शेळी. उभ्या रांगांवरही तेच. "आता समजा," ते म्हणाले, "एक आजारी गाय गावात आहे. बरी होईपर्यंत ती किती गायींना रोग देईल? तो आकडा या चौकटीत. किती म्हशींना? या चौकटीत. किती शेळ्यांना? इथे. मग आजारी म्हशीचं तसंच, आजारी शेळीचं तसंच. नऊ चौकटी भरल्या की सगळा तक्ता मिळून आपल्याला एकच आकडा सांगतो. एकाचे किती होतात? एकाच्या वर असेल तर रोग पसरतो. एकाच्या खाली असेल तर आपोआप विझतो."

"आणि हे सगळं तुम्हाला कशाला?" मी विचारलं.

त्यांनी खडू खिशात टाकला. "सगळी हयात मी पोरांना हे चौकटींचं गणित शिकवलं. पोरं विचारायची, सर, याचा उपयोग काय? मी सांगायचो, परीक्षेला येतं. कोरोनात घरी बसलो असताना कळलं, रोगराईचा सगळा हिशोब याच चौकटींवर चालतो. म्हणजे मी इतकी वर्षं पोरांना खोटं उत्तर दिलं. आता उत्तर दुरुस्त करायचंय."

माणूस हट्टी आहे हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. गोठ्यात शिरले की ते जनावराकडे बघायचेच नाहीत, आधी गव्हाणीकडे बघायचे. एकदा ते उपड्या घमेल्यावर सकाळी बसले ते जेवायच्या वेळेपर्यंत, आणि एका गव्हाणीत किती वेळा कुणाकुणाचं तोंड जातं ते मोजत राहिले. एका वासराने मागून येऊन वहीचं पानच खाल्लं. गोठ्याचा मालक हसून लोटपोट झाला. सरांनी घड्याळ बघितलं, नवं पान काढलं आणि पहिल्यापासून मोजायला सुरुवात केली. मोजणीला 'अंदाजे' हा शब्द त्यांना चालायचा नाही. कुणी म्हटलं, "दहाबारा व्हतीन नाना," तर ते म्हणायचे, "दहा का बारा? दोन जनावरं मधमा कोठे उभी शेत?" आणि रस्त्यात कुणी भेटलं की रामराम बाजूला ठेवून पहिला प्रश्न, "काय, एकना वर का एकना खाले?" लोकांना त्यातलं काही कळायचं नाही, पण खाले म्हटलं की नाना खूश होतात, हे सगळ्या गावाला पाठ झालं होतं.

पहिल्या वर्षी आम्ही तक्ता भरला. म्हणजे घरोघर फिरून जनावरं मी मोजली आणि गणित सरांनी केलं. लस कधीच सगळ्यांना पुरत नाही, त्यामुळे प्रश्न दरवर्षीचाच होता: आधी कुणाला? तक्ता सांगत होता, गायी-म्हशींना. गावात शेळ्या जवळपास नाहीतच, त्या सगळ्या वर पाड्यावर. गायींशी त्यांची गाठ पडते कुठे? शेळीच्या आडव्या रांगेत गायी-म्हशींखाली भोपळे पडले. खालची जनावरं टोचली तर रोग खालीच विझेल, पाड्यावर चढणारच नाही, असा हिशोब निघाला. सरांनी डेअरीच्या ओट्यावर उभं राहून तो गावाला समजावून सांगितला. पाड्यावरची जेठीबाई त्या दिवशी खाली आली होती. नवरा नाही, बैलजोडीवर स्वतः शेत करणारी बाई. तिने विचारलं, "मन्ह्या बकऱ्यासले नई टोचत का?"

"नको," सर म्हणाले. "बकऱ्यासपाईन काही व्हत नही."

दिवाळी झाली आणि पाड्यावर लाळ-खुरकूत शिरला. गावात तुरळक गोठ्यांत आला तसा गेलाही, पाड्यावर मात्र त्याने एकही घर सोडलं नाही. गुरांच्या तोंडातून तारा लोंबायला लागल्या, खुरांत जखमा झाल्या, बैल बसले ते उठेनात. मी लाल औषधाचे कॅन घेऊन चढायचे आणि खुरं धुऊन उतरायचे. मोठी जनावरं हळूहळू सावरतात, पण वासरांचं काळीज हा रोग धरतो. दूध पिता पिता ती कोसळतात. जेठीबाईची दोन्ही वासरं एका दिवसात गेली.

मी सरांना फोनवर सांगितलं. अर्ध्या तासात त्यांची एम-एटी पाड्याच्या चढावर धापा टाकताना दिसली. जेठीबाई अंगणात बसली होती. सर तिच्यासमोर जमिनीवर बसले.

"तुमीच सांगं व्हतं ना, बकऱ्यासले नको?" ती म्हणाली. आवाज चढवलाच नाही तिने. चढवला असता तर बरं झालं असतं.

"हा, मीच सांगं व्हतं," सर म्हणाले. "मन्ही चूक शे. पन कोठे चुकनू ते मले समजी नही ऱ्हायनं. तुन्ह्या बकऱ्या किती शेत?"

"सात."

"देखाड."

तिने छपराखाली बोट दाखवलं. दोन शेळ्या होत्या.

"बाकीन्या पाच?"

"त्या खाले ऱ्हातस ना. वाटावर देल शेत."

"खाले कोठे?"

"तुमनाच गावमा. सालदारसना घर."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी घाईघाईने वही उघडली. जेठीबाईच्या नावासमोर माझ्याच अक्षरात सात लिहिलेलं होतं. "मंग मले सात काबर सांग्यात?" मी जरा चिडूनच विचारलं.

आता तिचा आवाज चढला. "तू ईचारं, तुन्ह्या किती? मन्ह्या सातच शेत ना! रातले कोठे बांधतस, ते कोनी ईचारं?"

वाट्याची रीत मला माहीत नव्हती असं नाही. मी याच भागातली. ज्याच्याकडे शेळ्या जास्त, तो एखादी दुसऱ्याला राखायला देतो. पिल्लं झाली की निम्मी राखणाऱ्याची, निम्मी मालकाची. पाड्यावरच्या बायकांच्या कितीतरी शेळ्या अशा खाली सालदारांकडे, म्हणजे सालाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्यांकडे, होत्या. सालदाराला मी विचारलं, तुझ्या शेळ्या किती, तर त्याने खरं तेच सांगितलं: एकही नाही. शेळी दुसऱ्याची, तो कशाला आपली म्हणेल? आणि सालदाराची खोली असते मालकाच्या गोठ्याला लागून. शेळी बांधलेली डेअरीच्या गायींच्या गव्हाणीशेजारी, आणि माझ्या वहीत ती तासाभराच्या चढावर. दिवाळीला पिल्लांची वाटणी होते तेव्हा या शेळ्या वर येतात. शेळीला हा रोग झाला तरी ती जरा लंगडते, दोन दिवस कमी खाते, बस. कुणाला कळतही नाही. रोग खालून वर चढला तो आमच्या डोळ्यांदेखत, वाटणीच्या शेळ्यांबरोबर.

सरांच्या गाडीवर मागे बसून उतरताना मी रडकुंडीला आले होते. "मोजणी माझी होती, सर. चूक माझी आहे."

त्यांनी गाडी थांबवली. "आकडे तुमचे होते, डॉक्टर. प्रश्न माझा होता. प्रश्न मी लिहून दिला होता, 'आपली जनावरं किती?' रोगाला मालकी कळत नाही. त्याला शेजार कळतो. एवढी साधी गोष्ट गणिताच्या माणसाला सुचू नये?" मग गाडीला किक मारून म्हणाले, "उद्या सकाळी डेअरीवर या. लोक दूध घालायला येतात तेव्हाच."

मला वाटलं, काहीतरी योजना सांगणार. त्यांनी ओट्यावर उभं राहून आपली चूक सांगितली. कोणता प्रश्न चुकला, त्यामुळे तक्त्यातली कुठली रांग खोटी ठरली, पाड्यावरची किती वासरं गेली, सगळं. डेअरीचे चेअरमन त्यांना हळूच म्हणाले, "नाना, हाई बठ्ठं लोकसले सांगानी काय गरज व्हती?" सर म्हणाले, "'बकऱ्यासले नको' हाई मी आठेच उभं ऱ्हाईसन सांगं व्हतं." पुढे तालुक्याला जो अहवाल गेला, त्यातही त्यांनी हे सगळं लिहिलं. साहेबांनी तो परिच्छेद काढायला सांगितला, तर सरांनी अहवालच परत घेतला आणि परिच्छेद ठेवला तरच देईन म्हणून सांगितलं. शेवटी परिच्छेद राहिला. मला त्या माणसाचा इतका अभिमान वाटला की घरी जाऊन मी नवऱ्याला दोनदा ती गोष्ट सांगितली.

दुसऱ्या वर्षी आम्ही पहिल्यापासून सुरुवात केली. आता प्रश्न एकच, "रातले कोठे बांधतस?" हा प्रश्न विचारला आणि गावाचा नकाशाच बदलला. बैल शेतातल्या झोपडीत, भाकड म्हैस मेहुण्याच्या घरी, लेकीला आंदण दिलेली शेळी अजून आईच्याच दारात. जेठीबाई सुरुवातीला आमच्याकडे बघायलाही तयार नव्हती. "मांगला साल नको सांगं, आवंदा पायजे सांगतस," ती सरांना म्हणाली. "पुढला साल काय सांगशात?"

"पुढला सालनं पुढला साल मोजीसन सांगसू," सर म्हणाले.

या उत्तरात तिला काय पटलं कोण जाणे. पण ती आमच्याबरोबर फिरायला लागली. ती बरोबर असली की बायका खरं सांगायच्या: कुणाची शेळी कुणाकडे, कधी गेली, परत कधी येणार. महिनाभरात तक्ता भरला. सरांनी तो पुन्हा माझ्या फरशीवर मांडला. गायीकडून गायीकडे, एकाच्या खाली. शेळीकडून शेळीकडे, तेही एकाच्या खाली. मी म्हटलं, मग चिंता कसली? त्यांनी तक्त्याच्या उरलेल्या दोन कोपऱ्यांवर बोट ठेवलं, गायीकडून शेळीकडे आणि शेळीकडून गायीकडे. "दोघी वेगळ्या बांधल्या असत्या तर रोग विझला असता. एका गव्हाणीवर आल्या की एक दुसरीला देते, दुसरी परत पहिलीला देते, आणि सगळं मिळून एकाच्या वर जातं. ही ये-जा तोडायची. आधी सालदारांकडच्या शेळ्या, मग पाड्यावरची सगळी गुरं. उरेल ती लस डेअरीच्या गायींना. त्यांच्या अंगात मागच्या लसीचं थोडंफार बळ आहे, पाड्यावरच्यांच्या अंगात काहीच नाही."

शेळीला लस लागते गायीच्या निम्मी. एका गायीच्या लसीत दोन शेळ्या होतात. तरी गावात गहजब झाला. दरवर्षी डेअरीच्या गायींचा पहिला मान, तो कुठल्या कागदावर लिहिलेला नव्हता, पण चालत आलेला. चेअरमन दवाखान्यात येऊन बसले. "नाना, जर्सी सोडीसन बकरीले लस? लोके हसतीन."

"हसू द्या. हसाना रोग जनावरले व्हत नही."

"अन् मन्ही गाय पडनी तं?"

हा प्रश्न रास्त होता. सपाटीवरच्या माणसाचं घर दुधावर चालतं. सरांनी वही मिटली आणि ते प्रमाण मराठीत म्हणाले, "माझ्या आठ गायी आहेत. त्यांना या खेपेला लस द्यायची नाही. सगळ्या गावाच्या झाल्या आणि उरली, तरच. माझा हिशोब चुकला तर पहिला गोठा माझा." चेअरमनने माझ्याकडे पाहिलं, मी खोड्याकडे पाहिलं.

घरी सुशीलाकाकूंनी मात्र पुष्कळ बोलून घेतलं. त्या गायींचं सगळं काकू करायच्या. सरांना कुठली गाय कोणत्या हाताला पान्हा सोडते हेही माहीत नसावं. मी गेले की त्या चहा देता देता सुनवायच्या, "डॉक्टर, यासले गावनी कायजी शे, घरनी नही." सर वर्तमानपत्राआड जायचे. एकदा मी धीर करून म्हटलं, सर, निदान गाभण गायींना तरी टोचू या. ते म्हणाले, "मग ओट्यावर जाऊन सांगू का, माझा शब्द गाभण गायी सोडून आहे म्हणून?" काकूंनी हे ऐकलं. त्या दिवसापासून त्यांनी तो विषय काढला नाही, फक्त गोठा दिवसातून दोनदा चुन्याने सारवायला लागल्या.

जेठीबाईची अट एकच होती, "दिवाईना पहिले टोचा. दिवाईले बठ्ठ्या वर येतस." लसीचं बळ अंगात यायला तीन आठवडे लागतात, म्हणजे तिची अट आणि आमचं गणित एकच सांगत होतं. सालदारांच्या दारांत ती स्वतः शेळ्या धरायला उभी राहिली. शेळी टोचताना जे काही करते ते मी लिहीत नाही. पाड्यावरचा बैल त्या मानाने सभ्य. सर थंडपेटीपाशी बसून एकेक नाव खोडत होते, आणि संध्याकाळी शेवटचं नाव खोडल्यावर म्हणाले, "आता आपल्या हातात काही नाही. आता तक्त्याची परीक्षा."

दिवाळीच्या आधी चार-पाच दिवस, ऊसतोडीच्या गाड्या रस्त्यांवर दिसायला लागल्या तेव्हा, शेजारच्या गावात रोग आल्याची खबर आली. मग आमच्या गावात आला. पहिल्यांदा एका टोकाच्या गोठ्यात, मग चेअरमनच्या दोन गायींना, आणि मग सरांच्याच गोठ्यात. पाच गायींना एकदम. काकू रात्रंदिवस तोंडं धुवत होत्या. मी सकाळ-संध्याकाळ जायचे. त्याच दिवसांत वाटणीच्या शेळ्या वर निघाल्या. त्या रस्त्याने चढताना मी आणि सर गोठ्याच्या दारातून बघत होतो. सरांच्या हातात लाल औषधाची बादली तशीच राहिली.

पुढचे तीन आठवडे मी रोज पाडा चढले. प्रत्येक गव्हाणीत हात घातला, प्रत्येक बैलाचं तोंड उघडून बघितलं, शेळ्यांचे पाय उचलून बघितले. काही नाही. गावातही रोग सात गोठ्यांवर थांबला. त्या तीन आठवड्यांत एकच वासरू गेलं. ते सरांच्या गोठ्यातलं.

एकविसाव्या दिवशी मी उतरून सरळ त्यांच्याकडे गेले. "सर, वर एकही नाही! एकसुद्धा नाही!" मला नाचावंसं वाटत होतं. सर शेणाची पाटी उचलत होते. त्या दिवसांत गोठ्याचं अर्धं काम ते करायला लागले होते. ते म्हणाले, "एका वर्षावरून सिद्ध होत नाही, डॉक्टर. कदाचित यंदा तो तसाही वर गेला नसता. पुढच्या वर्षी परत मोजायचं." मला इतका राग आला. मी म्हटलं, "तुमचं वासरू गेलं, आणि तुम्ही स्वतःलाच नापास करताय?" ते हसले आणि टोपीने डोळे पुसले. "पास झालो असं वाटतंय मला. पण वाटणं म्हणजे उत्तर नाही ना." काकू चुलीपाशी उभ्या होत्या. "पास झायात," त्या आतूनच म्हणाल्या. "आते पाटी टाका अन् चहा पी ल्या."

सरांचं वासरू गेल्याची खबर पाड्यावर पोचायला वेळ लागला नाही. आठवड्याने जेठीबाई खाली आली. डोक्यावर चाऱ्याची पेंढी आणि मागे दोरीला एक काळी शेळी. सरांच्या गोठ्यात शिरली आणि शेळी मेखेला बांधली. "काकू, ही वाटावर ठेवा. पहिलं पिलू तुमनं, दुसरं मन्हं."

काकू बघतच राहिल्या. गुजरांच्या गोठ्यात गायी असतात, म्हशी असतात, शेळी नसते. "आमना घर बकरी?" त्या म्हणाल्या. जेठीबाईने शेळीच्या पाठीवर हात फिरवला. वाट्याने शेळी देताना लिखापढी नसते. ज्याच्यावर भरवसा, त्याच्याच दारात ती बांधतात. हे काकूंनाही माहीत होतं. त्यांनी घरात जाऊन पाण्याचा तांब्या आणला, आधी जेठीबाईला दिला, मग शेळीसमोर घमेलं ठेवलं. मला तेव्हा फार भरून आलं आणि मी उगाच थंडपेटीचं झाकण तपासत बसले.

त्यानंतर दोन हंगाम आम्ही मोजलं. एका वर्षी तक्ता बरोबर आला, एका वर्षी म्हशींची रांग चुकली. सरांनी ओट्यावर जाऊन तेही सांगितलं. गेल्या उन्हाळ्यात, सकाळी वर्तमानपत्र वाचता वाचता, ते गेले. फोन काकूंचाच आला. "डॉक्टर, या," एवढंच म्हणाल्या.

दहाव्याच्या दुपारी पाड्यावरच्या बायका दारावर आल्या. उन्हातून चालत आलेल्या, सगळ्यांच्या पुढे जेठीबाई. अंगणात बसल्या, रडल्या. मग काकू उठून गोठ्यात गेल्या आणि काळी शेळी व तिची दोन पिल्लं सोडून घेऊन आल्या. राखणारा माणूस गेला की वाटा मोडतो, शेळी मालकाकडे परत जाते, अशी रीत आहे. काकूंनी दावं जेठीबाईच्या हातात दिलं.

जेठीबाईने पिल्लं पाहिली, त्यांतलं एक उचलून कडेवर घेतलं. मग शेळीला आणि दुसऱ्या पिल्लाला परत गोठ्यात नेलं आणि गव्हाणीशेजारच्या मेखेला बांधायला लागली.

"बाई, वाटा ह्यासना व्हता," काकू म्हणाल्या.

"वाटा मी घरमा बांधेल शे," जेठीबाई गाठ मारता मारता म्हणाली.

"मले बकरी राखता येत नही. ह्या व्हतात तव्हय चालनं."

"आते तुमी शेत ना."

काकूंनी पदर खोचला. मग त्या वाकल्या, जेठीबाईने मारलेली गाठ सोडली आणि शेळी गायींच्या गव्हाणीपासून लांब, पलीकडच्या भिंतीशी नेऊन बांधली.